वही कोणाच्या हातात?

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

अर्थशास्त्रावर मत द्यायचे तर अर्थशास्त्र शिकलेले असावे लागते, असा एक समज आपल्या प्राध्यापकवर्गात आढळतो. तो दूर करायचा असेल तर त्यांनी एखाद्या संध्याकाळी आमच्या कशेळ्याच्या नाक्यावर येऊन उभे राहावे. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे बाजाराचे गाव. खांडसवरून भीमाशंकर चढणारे आणि आंबिवलीहून पेठच्या किल्ल्यावर जाणारे मुंबईकर इथे चहाला थांबतात. आजूबाजूच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतली माणसे मीठ-मिरचीसाठी इथेच येतात. त्यामुळे नाक्यावर मतांना तोटा नाही. मोबाइलवरच्या खरेदीचा विषय निघाला की क्रिकेट आणि राजकारण दोन्ही मागे पडतात.

रिक्षावाले काका म्हणतात, "पाचशेची वस्तू तीनशेला देतात, म्हणजे एकतर वस्तू खोटी, नाहीतर मालक खुळा." निवृत्त गुरुजी चष्मा पुसत सांगतात, "ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा आधी व्यापारालाच आली होती." शिंपीमामांचे दुःख निराळे. "माप न घेता कपडे विकतात आणि लोक घेतात! मग मी चाळीस वर्षे गळ्यात टेप कशाला बाळगली?" भाजीवाल्या मावशी मात्र मोबाइलच्या बाजूच्या. त्या म्हणतात, "दहा वेळा बघून नको म्हटलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडत नाही. दुकानदाराच्या पडते."

वाचकहो, ही मते हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत. काकांच्या शंकेला अर्थशास्त्रात भारदस्त नाव आहे. जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला, तेव्हा भरमसाट सवलती आणि ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप हेच आक्षेप पुढे होते. मावशींचे मत तर मला सर्वांत मोलाचे वाटते. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आमच्या घरात मात्र हा विषय नाक्यावरच्याइतका मोकळेपणी निघत नाही. बाबांचे किराणा आणि जनरल सामानाचे दुकान आहे. दादा एका कंपनीची पार्सले वाटतो. वहिनी दुसऱ्या कंपनीकडून पार्सले मागवते. आणि मी या तिघांवर निबंध लिहिते. चौघांत उत्पन्न नसलेली मी एकटीच, म्हणून मत द्यायला मोकळी. दादा दिवसभर बाबांच्याच गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन येतो आणि रात्री दोघे ताटाला ताट लावून जेवतात. आजी म्हणते, "बाप विकतो, लेक त्याचं गिऱ्हाईक पळवतो आणि सून तिसऱ्याकडूनच आणते. महाभारत याहून काय निराळं होतं?"

तसे पाहिले तर घरबसल्या खरेदी ही काही अगदी नवी नवलाई नाही. आपल्या टपालखात्याने १८७७ मध्ये व्ही.पी.पी. सुरू केली. जाहिरात वाचून पत्र टाकायचे, पार्सल आले की पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे आणि मग गाठ सोडायची. किती तरी मराठी घरांत पुस्तके आणि औषधे अशीच आली. २००७ मध्ये निघालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'माल हाती आल्यावर पैसे द्या' अशी सोय केली, तेव्हा तिचे कौतुक झाले. पण ती या व्ही.पी.पी.चीच पणती.

दुसरी गंमत पिनकोडाची. मोबाइलवर वस्तू पसंत केली की पहिला प्रश्न येतो, तुमचा पिनकोड काय? हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी आले आणि ते योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. कालिदासाने मेघाला यक्षाच्या घराचा पत्ता सांगताना श्लोकामागून श्लोक खर्ची घातले. वेलणकरांनी तेच काम सहा आकड्यांत केले! आज जगातल्या बलाढ्य कंपन्या एका मराठी संस्कृत कवीच्या या आकड्यांना विचारून ठरवतात, की कशेळ्याला माल पोचवायचा की नाही.

मग नवे ते काय? माझ्या समजुतीने सगळा बदल २०१६ या एका वर्षात एकवटला. एप्रिलमध्ये यूपीआय आले, सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. पैसे पाठवण्याची युक्ती, स्वस्त इंटरनेट आणि नोटांची टंचाई असे तिन्ही ग्रह एका राशीला आले. बाबांच्या गल्ल्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटला. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना घेतला. हा आकडा वर्गात ऐकला तेव्हा आम्ही त्याचे रुपये करायला बसलो आणि शून्ये मोजतानाच तास संपला.

आता मावशींच्या मताकडे येते. दुकानदाराची मुलगी असून मी हे लिहिते आहे, हे लक्षात घ्यावे. मोबाइलवरच्या खरेदीने आमच्याकडच्या माणसांना एक मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे अनोळखीपणा. मी आठवी-नववीपासून शाळा सुटल्यावर गल्ल्यावर बसते. मी बसले की वाड्यांवरच्या मुली सॅनिटरी पॅड घ्यायला येत. बाबा बसलेले दिसले की बिस्किटाचा पुडा घेऊन परत जात. माझी परीक्षा असली की त्यांची पंचाईत. आज त्यांतली एखादी मोबाइलवरून मागवते आणि कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी पूर्वी लोकलने दादर गाठावे लागे. आता ती खांडसच्या रस्त्यावरच्या घरीसुद्धा येतात. शिवाय मोबाइलवर वाडीवरच्या माणसाला आणि शेतघरात सुट्टीला आलेल्या मुंबईच्या साहेबाला किंमत एकच दिसते, कपडे पाहून भाव सांगितला जात नाही, असे आपण धरून चालतो. दुकानात तसे नेहमीच होई असे मला म्हणवत नाही. काटा मारणारे दुकानदार आपल्या तालुक्यात झालेच नाहीत, असे कोणी म्हटले तर नाकाही हसेल.

तेव्हा 'जुने ते सोने' हा राग मला आळवायचा नाही. मला अडते ते दुसरीकडे.

बाबांची एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, कोपरे दुमडलेली. त्या वहीत आमच्या पंचक्रोशीचे पोट आहे. ज्येष्ठ-आषाढात पाने भराभर भरतात, कारण घरातले भात संपलेले असते आणि आवणीची मजुरी अजून हातात आलेली नसते. "शेट, लिवून ठेवा, आवणीचं पैसं आलं का देते," हे वाक्य मी पाढ्यांइतके ऐकले आहे. झोडणी झाली की पाने रिकामी होऊ लागतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबे कामे अर्धवट सोडून परतली आणि त्या वर्षी एक वही पुरली नाही. त्यांतली काही नावे बाबांनी पुढच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आधी आडवी रेघ मारून मिटवली. कोणाची, ते त्यांनी घरातही सांगितले नाही.

पण त्या वहीला दुसरीही बाजू आहे आणि ती बाबांनाही ठाऊक आहे. ज्याचे नाव वहीत, तो भाव विचारत नाही. रोखीचे गिऱ्हाईक तेलाची पिशवी उलटून किंमत वाचते. उधारीचे गिऱ्हाईक पिशवी उचलते आणि खाली मान घालून जाते. वही ज्याच्या हातात, त्याचा शब्द चालतो. बाबा सज्जन आहेत म्हणून काम भागते. गिऱ्हाइकाचे पोट एका माणसाच्या सज्जनपणावर टांगलेले असणे ही काही चांगली व्यवस्था म्हणता येणार नाही.

आता मोबाइलची वही पाहा. तीही आहेच, फक्त दिसत नाही. वहिनीने एकदा बाळाच्या पायमोज्यांचा शोध घेतला, तर दोन महिने तिला दुधाच्या बाटल्या, पाळणे आणि लंगोट दिसत राहिले. कोणत्या तारखेला दादाचा पगार होतो, कोणती वस्तू आपण तीनदा पाहून सोडली, रात्री किती वाजता मोह होतो, हे सगळे त्या वहीत लिहिलेले असते. 'फक्त दोनच शिल्लक' असे ती वही सांगते आणि आठ दिवसांनी पाहावे तर दोनच शिल्लक असतात! ग्राहकाला घाई करायला लावणाऱ्या, न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत सरकवणाऱ्या अशा युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अशा तेरा प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. नव्याण्णव रुपये पंच्याण्णव पैशांच्या 'बाटा किंमती'ला आपण हसत होतो; ती बिचारी निदान पाटीवर उघड लिहिलेली असे.

बाबांच्या वहीत आणि या वहीत मोठा फरक एकच. बाबांच्या वहीतली नोंद पटली नाही तर वाडीवरची म्हातारी दुकानाच्या पायरीवर बसून भांडू शकते. आणि भांडते! "शेट, मी गूळ नेलाच नाही," असे तिने चारचौघांत म्हटले की बाबांना वही उघडून दाखवावी लागते आणि दोनपैकी एकदा गूळ खोडावाही लागतो. या दुसऱ्या वहीला पायरीच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गेल्या वर्षी वहिनीने मिक्सर मागवला. भांड्याला तडा गेलेला निघाला. तिने परत पाठवण्याचे बटण दाबले. दुसऱ्या दिवशी संदेश आला, 'आमचा प्रतिनिधी येऊन गेला, ग्राहक घरी नव्हते.' वहिनी दिवसभर ओटीवर पापड वाळत घालत बसली होती. कुत्रेसुद्धा फिरकले नव्हते. फोन केला तर एक गोड आवाज म्हणाला, हिंदीसाठी दोन दाबा. दाबले. मग चार दाबा. मग पुन्हा एक. शेवटी 'आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे' असे सांगून तो मोलाचा फोन आपोआप बंद झाला. असे तीन वेळा झाल्यावर वहिनी म्हणाली, "भांडायला तरी कोणीतरी लागतं हो!" पैसे परत आले, पण सव्वीस दिवसांनी; आणि कोणी परत केले, का उशीर झाला, हे शेवटपर्यंत कळले नाही.

दादाचा अनुभव याहून कडू. ऑगस्टमधला पाऊस. वाडीच्या वाटेवरचा ओहोळ भरून वाहत होता, म्हणून त्याने पार्सल दुसऱ्या दिवशी पोचवले. गिऱ्हाइकाने पाचांपैकी एक तारा दिला. त्याच्या आधीचे दोन-तीन उशीर त्यात मिळाले आणि सकाळी उठून पाहतो तो त्याचा आयडी बंद! तीन दिवस काम नाही, तीन दिवस मजुरी नाही. त्याने वरच्या माणसाला फोन केला. तो भला माणूस होता, तो म्हणाला, "सिस्टीममधून झालंय रे. माझ्या हातात नाही." दादाने विचारले, "मग कोणाच्या हातात आहे?" त्याला ते माहीत नव्हते. त्याच्याही वरच्याला माहीत होते की नाही, देव जाणे. चौथ्या दिवशी आयडी जसा बंद झाला तसाच आपोआप सुरू झाला. ओहोळाची हकीकत ऐकायला कोणी नव्हतेच, कारण त्या वहीत 'ओहोळ' असा रकाना नाही.

'माझ्या हातात नाही' हे वाक्य मला रात्री झोपताना पुन्हा आठवले. आणि आश्चर्य असे, की आपल्या कर्जत तालुक्याचा इतिहास नेमका याच प्रश्नाभोवती फिरलेला आहे, की वही कोणाच्या हातात?

ठाणे आणि त्या वेळचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात 'पालेमोड' नावाचा व्यवहार चाले. पावसाळ्यात घरात दाणा नसताना सावकाराकडून पैसे किंवा धान्य उचलायचे आणि शेतात उभे असलेले भात पडेल त्या भावाने त्याच्या नावावर लिहून द्यायचे. धान्य घेतले तर सुगीला सवाईने, दिढीने परत करायचे. सावकार गरज ओळखून भाव ठरवी. ज्याच्या घरात लहान मूल उपाशी, त्याला भाव कमी. आपल्या वर्गात 'माहितीची विषमता' म्हणून जो धडा आहे, तो आमच्या वाड्यांनी अंगावर काढलेला आहे. वही सावकाराची, अक्षर सावकाराचे आणि अंगठा मात्र आपला!

या वहीला पहिला मोठा धक्का दिला तो माथेरानच्या विठ्ठल लक्ष्मण कोतवालांनी. भाई कोतवाल म्हटले की आपल्याला १९४२ चा लढा, विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह पत्करलेले हौतात्म्य आठवते. ते आठवावेच. पण १९१२ मध्ये एका साध्या नाभिक कुटुंबात जन्मलेल्या या वकिलाने त्याच्याही आधी एक काम केले होते, ज्याला आपण भाषणांत एका वाक्यात उरकतो. त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उघडल्या. सुगीला सर्वांनी थोडे थोडे धान्य कोठीत टाकायचे. पावसाळ्यात ज्याला लागेल त्याने कोठीतून उचलायचे आणि पुन्हा भरायचे. त्यांनी भात स्वस्त केले नाही, सावकाराला शिव्याही दिल्या नाहीत. भाताची वही सावकाराच्या हातातून काढून गावाच्या हातात दिली.

हीच कल्पना पुढे आमच्या कशेळ्यातच पुन्हा उगवली. इथल्या 'अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स' या संस्थेने आदिवासी वाड्यांमध्ये धान्य बँका उभ्या केल्या. वाडीचे धान्य वाडीतच साठवायचे, कोणाला किती द्यायचे ते वाडीने बसून ठरवायचे आणि परतफेडीला जे वाढीव धान्य येईल ते कोणा एकाच्या माडीवर न जाता कोठीतच राहायचे. दरम्यान सरकारही हलले. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ निघाले आणि १९७६ मध्ये आदिवासींच्या आर्थिक स्थितीत सुधारणा करण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. कायदा आला म्हणून सगळे आलबेल झाले असे नाही. पण सावकाराची वही म्हणजे ब्रह्मलिखित, ही समजूत तुटली.

शहरातल्या मराठी माणसानेही हा प्रयोग आपल्या परीने केला. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी द्यायची, खरेदी सर्वांची मिळून ठोक भावात व्हायची, माल गटापैकी कोणाच्या घरी उतरायचा आणि तिथून वाटला जायचा. मोबाइल नव्हता, संगणक नव्हता, तारे देण्याची सोय नव्हती. तरी घरपोच माल येत होता. आणि तांदळात खडे निघाले तर कोणाला विचारायचे हे प्रत्येकीला ठाऊक होते, कारण यादी करणारीही तीच होती.

काही मित्रमैत्रिणी म्हणतील, हिला यंत्र नको आहे. तसे मुळीच नाही. यूपीआयकडेच पाहा. कोणत्याही बँकेचा माणूस कोणत्याही बँकेच्या माणसाला पैसे पाठवू शकतो, कारण त्याचा मूळ रस्ता नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या देशातल्या सामाईक संस्थेने बांधला आहे. म्हणजे वही सामाईक ठेवूनही यंत्र धावते. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या बहुतेक गाड्या आज दोनच कंपन्यांच्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. पण रस्ता त्यांचा नाही, आणि त्यामुळे उद्या तिसरी गाडी येऊ शकते.

कायदाही अगदी झोपलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला. कंपनी बंगळुरूची असो की अमेरिकेची, आम्हांला अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचे नाव जाहीर करावे लागते, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत निकाल लावावा लागतो. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. दादासारख्यांची गणतीही अखेर झाली. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार असल्याचा अंदाज आहे आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असे म्हटले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचा कायद्याने उल्लेख आला. दादा नेहमीप्रमाणे म्हणाला, "नाव आलं ना? मग पैसेही येतील कधीतरी." आमच्या घरात आशावादी तो एकटाच आहे.

पण कायद्याची गंमत अशी, की तो विचारणाऱ्यालाच उत्तर देतो. वहिनीच्या सव्वीस दिवसांत १९१५ हा क्रमांक घरात कोणालाच ठाऊक नव्हता. वाडीवरच्या मुलीला कसा ठाऊक असणार?

आता घरातली ताजी गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय हे लिहायला मी बसलेच नसते. या वर्षी एका पार्सल कंपनीचा माणूस बाबांकडे आला. रस्त्यालगतचा आमचा गाळा त्याला पार्सल ठेवण्यासाठी भाड्याने हवा आहे. भाडे जे सांगितले, ते दुकानाच्या चांगल्या महिन्यातल्या नफ्याहून जास्त आहे. वर ना उधारी, ना उंदीर, ना पहाटे उठून कर्जतला माल आणायला जाणे. दादा म्हणतो, "देऊन टाका बाबा." वहिनी म्हणते, बाबांचे गुडघे दुखतात. आजी म्हणते, "लोक पावसात कुणाकडे जातील?" तिघांचेही बरोबर आहे आणि तीच तर अडचण आहे.

बाबांनी त्या माणसाला चहा पाजला आणि भाड्याविषयी एक शब्दही न काढता विचारले, "इथं कोणाचं पार्सल चुकलं, फुटलं, तर ते माझ्या दारात येणार. गावातली माणसं आहेत, मलाच विचारणार. मी कोणाला विचारू? एक नाव आणि एक नंबर द्या, दारावर पाटी लावतो." तो माणूस ओशाळून हसला आणि म्हणाला, करार छापील असतो, त्यात तशी जागा नाही. बाबा म्हणाले, "मग जागा करा." करार अजून गल्ल्यात, लाल वहीखाली पडून आहे. महिना होत आला. गाळा द्यायचा की नाही, हे मला आज सांगता येत नाही. भाड्याची गरज आम्हांला नाही असेही नाही, माझ्या एम.ए.चा खर्च त्याच गल्ल्यातून व्हायचा आहे. पण कोणीतरी त्या छापील कागदाला जागा कर म्हणाले, याचे मला बरे वाटते.

आपल्या महाविद्यालयात कर्जत-खालापूरच्या गावोगावची मुले-मुली येतात. प्रत्येकाच्या घरात आता एक मोबाइल आहे, आणि प्रत्येक गावात एक तरी वहिनी आणि एक तरी दादा आहे. प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी चालेल, ग्रंथालयाबाहेरच्या व्हरांड्यात एक टेबल आणि दोन खुर्च्या द्याव्यात. तिथे आम्ही अर्थशास्त्राचे विद्यार्थी बसू. कोणाची वस्तू फुटकी आली, कोणाचे पैसे अडकले, कोणाचा आयडी बंद झाला, त्याने यावे. १९१५ ला फोन लावून देऊ, तक्रार कशी लिहायची ते सांगू, अलिबागला कागद कसे पाठवायचे ते शिकू आणि शिकवू. आणि आलेली प्रत्येक तक्रार, तिचे काय झाले यासह, एका वहीत लिहून ठेवू. वर्षअखेरीस ती वही सर्वांना वाचायला मिळेल. कोणती कंपनी ऐकते, कोणती ऐकत नाही, हे आपल्या तालुक्याला आपल्याच अक्षरात कळेल.

याने जगाची अर्थव्यवस्था बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे. धान्यकोठ्यांनीही ती बदलली नव्हती. पण पावसाळ्यात सावकाराच्या दारात जायचे की कोठीवर जायचे, एवढी निवड त्यांनी माणसांना दिली. टेबल मिळाले तर वही मी आणते. बाबांच्या दुकानात कोऱ्या वह्या अजून मिळतात, आणि मोबाइलपेक्षा दोन रुपयांनी महाग असल्या तरी त्या दुकानाला पायरी आहे.